भाचीला डिप्रेशनची गोळी लिहून दिलीय. चालू करावी का?

मांजराकाठ | १८ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं सोयाबीनचा भाव आणि क्रिकेट सोडून काही लिहीत नाही. पण आज कुणाला विचारावं तेच कळंना झालंय.

माझी भाची माझ्याकडं लातूरला राहते. वय १६, अकरावी सायन्स, नीटचा क्लास. ताई आणि दाजी जिंतूर तालुक्यात, शेती. पोरगी दहावीला ९४ टक्के घेऊन आली होती. जूनपासून बदलली. आधी डबा भरलेलाच परत यायला लागला. मग केस विंचरणं बंद. मग कळलं की क्लासला म्हणून निघते आणि गंजगोलाईच्या बाजारात कुठंतरी पायरीवर बसून घरी येते. मागच्या आठवड्यात माझ्या बायकोला म्हणाली, "मामी, मी नसले तर तुमचा एका माणसाचा खर्च वाचंल." त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा वेळ तिच्या एकटीशी. फ्लुओक्सेटिन १० मिलिग्रॅम, आठवड्यानं २०, आणि दर शनिवारी समुपदेशन. बोलले ते पटलं. पण रात्री मोबाईलवर गोळीचं नाव टाकलं तर वरच लिहिलेलं, मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. आता बोला! ज्या भीतीनं दवाखाना गाठला तीच भीती गोळीच्या नावाखाली. डॉक्टरांनी सांगितलंही असंल, माझ्या डोक्यात शिरलं नसंल.

ताई म्हणते, "भाऊ, माझ्या लेकराला डोक्याच्या गोळ्या नको. उद्या लग्नाला आडवं येतंय." दाजी काहीच बोलत नाहीत. गोळ्या चार दिवसांपासून फ्रीजवर पडून आहेत. कुणाच्या घरात लेकराला अशी गोळी चालू होती का? काय झालं ते खरं सांगा, धीर देऊ नका.

येडशीकर | १८ ऑगस्ट, रात्री ११.५२

मांजराकाठ, तुमच्या सोयाबीनच्या धाग्यावर मी लई टिंगल केलेली आहे. आज काही नाही. फक्त एक, पोरीला आज रात्री एकटी झोपवू नका. बाकी जाणकार येतील.

खडूफळा | १९ ऑगस्ट, सकाळी ६.१५

२७ वर्षं शिकवतोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १६ वर्षांच्या लेकराला मेंदूची गोळी म्हणजे उभ्या पिकात रोटाव्हेटर घालणं. तिला क्लासमधून काढा, महिनाभर गावाकडं पाठवा, आईच्या हातची भाकर खाऊ द्या. किल्लारीच्या भूकंपात आमच्या पिढीनं डोळ्यांसमोर घरं गेलेली पाहिली, माणसं गेलेली पाहिली. कुणी गोळ्या खाल्ल्या का? उभे राहिलोच ना?

भादा_टू_पुणे | १९ ऑगस्ट, सकाळी ८.०२

सर, उभे राहिलात हे खरं. माझे वडीलही उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ ला ते २२ वर्षांचे होते. आजही गणपती गेले की त्यांची बाज अंगणात येते, पाऊस असला तरी. स्लॅबखाली झोप लागत नाही म्हणतात. कुणी गोळी दिली नाही, कुणी विचारलंही नाही. हे "उभं राहणं" मी रोज बघितलंय.

आकडेमोड | १९ ऑगस्ट, सकाळी ९.३०

"वाढू शकतात" म्हणजे किती, हे सांगितल्याशिवाय त्या ओळीला अर्थ नाही.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, मुलांवरच्या २४ चाचण्या एकत्र करून तपासल्या. मिळून ४,४०० हून जास्त मुलं. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं. नुसती पिठाची, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा जीव गेला नाही. त्यावरून ऑक्टोबर २००४ मध्ये काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लावला.

दुप्पट म्हणलं की धडकी भरते. शंभरात दोन लेकरं जास्त म्हणलं की हिशेब करता येतो. पण ती दोन कोणती हे आधी कळत नाही, म्हणून लक्ष शंभरांवर ठेवावं लागतं. दुसऱ्या बाजूचाही आकडा धरा, उपचार न केलेल्या डिप्रेशनचा धोका शून्य नसतो. तुमच्या भाचीनं वाक्य गोळी खाण्याआधी उच्चारलंय.

सीताफळ | १९ ऑगस्ट, दुपारी २.४५

खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितेय. हे इथं कधी बोलले नव्हते.

माझा मुलगा तेव्हा १५ वर्षांचा. आम्ही बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला. मानसोपचाराचे डॉक्टर त्या वेळी आमच्याकडं नव्हते, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. पाच मिनिटं. "टेन्शन आहे, देतो." दोन गोळ्या, महिन्याच्या एकदम. त्यातली एक डिप्रेशनची, एक झोपेची. परत कधी यायचं विचारलं तर "वाटलं तर या."

आठव्या-नवव्या दिवशी पोरगं वेगळंच. एका जागी बसेना. पाय हलतायत, उठतोय, बसतोय, जिन्यात जातोय. "आई, आतून कुणीतरी कातडं ओढतंय" असं म्हणाला. आधी तो नुसता पडून असायचा, त्यामुळं सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, हालचाल तरी करायलाय. मला मात्र त्याचे डोळे बघून भीती वाटत होती. मी घाबरून सगळ्याच गोळ्या एका दिवसात बंद केल्या. ती माझी चूक. पुढं आठ दिवस डोक्यात करंटचे झटके, उलट्या, रडणं. शेवटी रात्रीच्या एसटीनं संभाजीनगर गाठलं.

तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोळी बदलली, अगदी थोडीवर चालू केली, पहिला महिनाभर दर आठवड्याला बोलावलं. साडेतीन तास जाताना, साडेतीन येताना. वर्षभरानं हळूहळू कमी करत बंद केली. आज मुलगा आयटीआय करून कामाला आहे, माझ्याशी भांडतो, म्हणजे ठीक आहे.

तर भाऊ, मला गोळीची भीती कमी वाटते, "वाटलं तर या"ची जास्त.

मांजराकाठ | १९ ऑगस्ट, रात्री ९.१०

सीताफळताई, दोनदा वाचलं. "बरं झालं, हालचाल करायलाय" हे आमच्या घरात शंभर टक्के कुणीतरी म्हणलं असतं. मीच म्हणलो असतो.

खडूफळा सर, गावाकडं पाठवायचा विचार आमचाही झाला. पण घरात मागच्या खोलीत फवारणीची औषधं असतात. त्यामुळं धाडस झालं नाही.

कडूनिंब | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

सगळा कंपन्यांचा खेळ आहे. "स्टडी ३२९" शोधून बघा. पॅरॉक्सेटिन नावाची गोळी, २७५ मुलं. २००१ मध्ये छापलं की परिणामकारक आहे, सुरक्षित आहे. मूळ कागद बाहेर काढून २०१५ मध्ये दुसऱ्या लोकांनी बीएमजे या वैद्यकीय मासिकात पुन्हा मांडलं, तर फायदा पिठाच्या गोळीइतकाच आणि आत्महत्येचे विचार जास्त. मधल्या काळात लाखो लेकरांनी खाल्ली. ती बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं २०१२ मध्ये अमेरिकेत ३ अब्ज डॉलर भरले, त्यात हे प्रकरणही होतं. आणि आपण इथं टक्केवारी मांडत बसलोय.

आकडेमोड | १९ ऑगस्ट, रात्री ११.०५

कडूनिंब, ३२९ चं सगळं खरं आहे. पण ते पॅरॉक्सेटिन. एक बोअर कोरडं गेलं म्हणून शिवारातली सगळीच कोरडी म्हणायची का? ब्रिटननं जून २००३ मध्ये १८ वर्षांखालच्यांना पॅरॉक्सेटिन देऊ नका म्हणून सांगितलं, डिसेंबरपर्यंत त्या जातीच्या बाकी गोळ्यांवरही तेच आलं. फ्लुओक्सेटिन तेवढं बाजूला ठेवलं. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात १४ औषधांची तुलना आली, ३४ चाचण्या, ५,२६० मुलं. पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं ते एकच, फ्लुओक्सेटिन.

कडूनिंब | १९ ऑगस्ट, रात्री ११.११

आणि त्या चाचण्यांना पैसे कुणी दिले?

आकडेमोड | १९ ऑगस्ट, रात्री ११.२०

बऱ्याच चाचण्यांना कंपन्यांनीच. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्याच लेखात आहे. मान्य.

येडशीकर | १९ ऑगस्ट, रात्री ११.२४

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आकडेमोड "मान्य" म्हणाले.

गोळीपेटी | २० ऑगस्ट, सकाळी ७.४०

माझं मेडिकल आहे, परभणी जिल्ह्यात. काउंटरच्या अलीकडून सांगतो.

या गोळ्या शेड्यूल एचमधल्या, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. प्रत्यक्षात लोक रिकामं पाकीट दाखवतात, "हेच द्या, पोराचं चालू आहे." पोरगं कधी सोबत नसतं. सहा महिने डॉक्टरांकडं न जाता तीच गोळी नेणारे बघितलेत. मी नाही म्हणलं की चार दुकानं पुढं जातात, आणि मला उद्धट म्हणतात ते वेगळंच.

मांजराकाठ, एकच काळजी घ्या. ताप, खोकला, गुडघा आपटला म्हणून मधेच दुसरं औषध घेताना ही गोळी चालू आहे हे सांगायचंच. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांच्यासोबत त्रास होऊ शकतो. घाम, थरथर, घाबरं होणं, ताप. आणि पाकीट पोरीच्या दप्तरात नको, मामीच्या ताब्यात. रोज एक हातावर द्यायची.

हुरडा_आणि_दही | २० ऑगस्ट, दुपारी १.००

विषयांतर करतो पण राहवत नाही. आमच्या लातूरच्या मेसची वांग्याची भाजी खाऊन दोन वर्षं काढलेली आहेत, त्यावरच एखादी काळी चौकट पाहिजे.

विष्णुपुरी_एक्स्प्रेस | २० ऑगस्ट, दुपारी १.१२

नांदेडला यायचं होतं. आमच्या क्लासेसच्या गल्लीत निदान तर्री तरी बरी मिळते.

येडशीकर | २० ऑगस्ट, दुपारी १.१५

झालं सुरू. लातूर-नांदेडचं भांडण विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं इथपासून चालू आहे, आता मेसवर आलं.

हुरडा_आणि_दही | २० ऑगस्ट, दुपारी ४.५०

बरं, आता खरं लिहितो. मघाशी चेष्टा केली कारण लिहायचं धाडस होत नव्हतं.

मी १७ व्या वर्षी ही गोळी घेतलीय. हीच. बारावीत. आता २४ चा आहे. पहिले दहा दिवस मळमळ, झोप उडालेली, हात थोडे थरथरायचे. फायदा म्हणाल तर तीन आठवडे काहीच नाही. मला वाटलं फसवलं. मग एका सकाळी रूमवर कुणीतरी पोह्यांना फोडणी दिली आणि मला भूक लागली. एवढंच. "आनंद झाला" वगैरे नाही. भूक लागली. महिन्याभरात पुस्तक हातात धरता यायला लागलं.

तोटा पण सांगतो. चार-पाच महिने रडूच यायचं नाही. आजी वारली तेव्हा मी कोरडाच. ते मला आजही खुपतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा कमी केली. आणि नुसत्या गोळीनं झालं नसतं. समुपदेशनवाल्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "तुला डॉक्टर व्हायचंय का?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. नव्हतं व्हायचं.

रात्रपाळी | २१ ऑगस्ट, पहाटे ३.२०

मनोविकारशास्त्रात एमडी करतेय, मराठवाड्यातच. ड्युटीवर जरा शांत आहे म्हणून लिहिते. मी पेशंट पाहिलेली नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आधी "असं का होतं" ते. डिप्रेशनमध्ये मन आणि अंग दोन्ही बसलेलं असतं. गोळीनं अंगातली मरगळ आधी उतरते, मनातलं काळं नंतर. मधल्या काळात विचार तेच असतात आणि हातपाय मात्र जागे झालेले असतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दुसरं, सीताफळताईंनी सांगितलेली ती आतली तगमग. तिला अकॅथिसिया म्हणतात. ती फार असह्य असते आणि लेकराला नीट सांगता येत नाही. म्हणून पहिले चार आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस महत्त्वाचे. चिडचिड एकदम वाढली, झोप पार उडाली, येरझाऱ्या सुरू झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. स्वतःच्या मनानं बंदही करायची नाही.

गोळी की समुपदेशन, या वादात २००४ चा एक मोठा अभ्यास आहे, ४३९ मुलं, १२ आठवडे. दोन्ही मिळून घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के सुधारले. नुसती फ्लुओक्सेटिन ६१, नुसतं सीबीटी पद्धतीचं (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं) समुपदेशन ४३, पिठाची गोळी ३५. आत्महत्येचे विचार कमी होण्यातही दोन्ही मिळून घेणारा गट पुढं होता. सौम्य आजारात आम्ही गोळीनं सुरुवात करतच नाही. खडूफळा सरांचा "महिनाभर विश्रांती"चा सल्ला तिथं कामाला येतो. तुम्ही सांगताय ते सौम्य वाटत नाही.

आता माझा प्रश्न. घरात, आईकडं किंवा वडिलांकडं, कुणाला कधी दिवसच्या दिवस झोप न लागता उत्साहाचा झटका आला होता का? अफाट खर्च, मोठमोठ्या गप्पा, आणि नंतर एकदम बसून जाणं? घरात त्याला आजार म्हणत नसतील, म्हणून मुद्दाम विचारते.

आणि मुलगी १८ च्या आतली आहे. मामा म्हणून तुम्ही कितीही केलं तरी निर्णयाला आई किंवा वडील समोर हवेत. ताईंना एकदा दवाखान्यात आणाच. रात्री-अपरात्री घाबरलात तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मांजराकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून चहा तसाच ठेवला.

दाजींचे थोरले भाऊ. पंधरा-एक वर्षं झाली असतील. महिनाभर झोपले नाहीत. उसनवारीवर तीन बैलजोड्या आणल्या, दोन एकर विकायला काढली, मी आमदार होणार म्हणून गावभर पेढे. नंतर सहा महिने खोलीच्या बाहेर नाहीत. घरात त्याला "वारं लागलं होतं" म्हणतात. देवाला नेऊन आणलं, अंगारा लावला. डॉक्टरांनी घरात कुणाला मानसिक आजार आहे का विचारलं होतं, मी "नाही" म्हणलो. खोटं नाही बोललो हो, मला तो आजार वाटलाच नव्हता.

रात्रपाळी | २१ ऑगस्ट, सकाळी ७.१२

आजच डॉक्टरांना फोन करा आणि अगदी हेच शब्द सांगा, बैलजोड्यांसकट. गोळी द्यायचीच नाही असा याचा अर्थ नाही. पण काही लेकरांत डिप्रेशन हे बायपोलर आजाराचं (कधी अतिउत्साह, कधी उदासी) पहिलं तोंड असतं, आणि ही गोळी त्यांना दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. त्यांना हे माहीत असायला हवं.

कडूनिंब | २१ ऑगस्ट, सकाळी ९.००

माझं कंपन्यांबद्दलचं मत तेच आहे. पण फॅमिली हिस्टरी विचारायची तर "वारं" शब्द वापरून विचारली पाहिजे, हे आज कळलं. फॉर्मवर हा रकाना कधी येणार कुणास ठाऊक.

खडूफळा | २१ ऑगस्ट, रात्री ८.३०

काल दिवसभर विचार करत होतो. दोन वर्षांमागं माझ्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर डोकं ठेवून असायचा. मी त्याला तीनदा वर्गाबाहेर काढलं. आळशी म्हणून. पुढं त्यानं शाळा सोडली. कुठं आहे माहीत नाही. गोळीबद्दल माझं मन अजून तयार नाही. पण रोटाव्हेटरचं वाक्य मागं घेतो. भादा_टू_पुणे, वडिलांना नमस्कार सांगा.

आकडेमोड | २२ ऑगस्ट, सकाळी १०.१५

एक राहून गेलं. हे इशारे यायला लागल्यावर अमेरिकेत मुलांना या गोळ्या लिहून देणं कमी झालं, आणि २००३ ते २००४ या एका वर्षात तिथल्या किशोरवयीनांच्या आत्महत्या वाढल्या. एकामुळं दुसरं झालं का, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. मी कुठल्याच बाजूनं पैज लावणार नाही.

सीताफळ | ६ सप्टेंबर, दुपारी ३.००

मांजराकाठ भाऊ, काही कळवा. रोज धागा उघडून बघतेय.

मांजराकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.०५

उशिरा लिहितोय, माफ करा.

डॉक्टरांना बैलजोड्यांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास परत सगळं विचारलं. ताई-दाजींना बोलावलं. दाजी तिथं पहिल्यांदा बोलले, भावाबद्दल. रडले. ताई त्यांच्याकडं बघतच राहिली. लग्नानंतर १८ वर्षांत तिला यातलं निम्मंच माहीत होतं. मग दोघांनी मिळून हो म्हणलं. १० मिलिग्रॅमच चालू केली, २० ची घाई करणार नाही म्हणाले. पहिले पाच आठवडे दर शुक्रवारी दाखवायचं, झोपेची वही ठेवायची. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, बास.

दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री गच्चीवर येरझाऱ्या. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्याच रात्री १४४१६ ला फोन लावला, सकाळी डॉक्टरांकडं. तिथं कळलं की गोळी सकाळी द्यायची होती, आम्ही रात्री जेवणानंतर देत होतो. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं. सकाळी द्यायला लागल्यापासून झोप बरीच सुधारली. मामी अजून तिच्याच खोलीत झोपते.

क्लास सध्या बंद. पोरगी एकदम बरी झाली असं नाही. परवा मात्र तिनं मला सोयाबीनचा भाव विचारला आणि मी सांगितल्यावर "मामा, लईच कमी आहे" म्हणून हसली. गावाकडची फवारणीची औषधं दाजींनी शेतातल्या खोलीत कुलपात टाकलीत, किल्ली कमरेला.

आता ताईचा प्रश्न आहे, तिनं मुद्दाम विचारायला सांगितलंय. उद्या घटस्थापना. आमच्याकडं नऊ दिवस उपवास असतो, पोरगी पण धरणार म्हणते. उपवासाला ही गोळी चालते का?

गोळीपेटी | २१ सप्टेंबर, रात्री १०.२०

चालते. पोट रिकामं ठेवू नका, सकाळी भगर-आमटी खाल्ल्यावर द्या, मळमळ कमी होईल. एकही दिवस चुकवू नका. आणि नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं म्हणत असेल तर शुक्रवारची वाट बघू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

येडशीकर | २१ सप्टेंबर, रात्री १०.२६

भाव खरंच लई कमी आहे, मामा.